डेस्कजेट ९७०सीएक्सआय आणि फ्रीबीएसडी ४.११ : आमच्या वाचनालयातला प्रिंटर

आमच्या वाचनालयातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कायमचा बसला. त्याआधी वर्षभर त्याच्या हेडची खालची एक पिन गेलेली होती, त्यामुळे छापलेल्या यादीत इंग्रजी ई आणि एफ सारखेच दिसायचे. दाखलखारिज रजिस्टरची पानं हातात घेऊन मी कपाटासमोर उभी राहायचे आणि हे पुस्तक ई कपाटातलं की एफ कपाटातलं, ते पेन्सिलीने लिहून ठेवायचे. शेवटी रिबिन पुढे सरकवणारा गिअरच तुटला आणि दुरुस्तीवाल्याने हात जोडले.

त्याच्या जागी जो प्रिंटर आला त्याबद्दल लिहिते आहे. कुणाकडे असं जुनं युनिक्स यंत्र अजून कामावर असेल, तर मला जे शोधायला तीन आठवडे लागले ते त्यांना एका बैठकीत मिळावं.

आधी संगणकाबद्दल. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होते. २००५ मध्ये आम्ही आणि शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी मिळून वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहिला. आमचं यंत्र फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या कार्यप्रणालीवर चालतं. तिची ४.११ ही आवृत्ती त्याच जानेवारीत आली होती, ४ च्या मालिकेतली ती शेवटची. तिची देखभाल २००७ च्या जानेवारीत थांबली, म्हणून आमचं यंत्र इंटरनेटला जोडलेलं नाही आणि जोडणारही नाही. त्यावर शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फायली), ऑक (मजकुराच्या ओळी चाळणारी छोटी भाषा) आणि साध्या मजकुराच्या फायली आहेत. रोज सकाळी ते चालू होतं, संध्याकाळी बंद होतं. वीज गेली तर परत उठताना डिस्क तपासून घेतं. नोंदींचा बॅकअप दर शनिवारी पेन ड्राइव्हवर जातो. नवीन यंत्र का घेत नाही असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की वीस वर्षांत एकही नोंद हरवलेली नाही.

डॉट मॅट्रिक्स गेल्यावर एका विश्वस्तांनी मोठ्या मनाने नवाकोरा शाईच्या टाकीचा प्रिंटर आणून दिला. यूएसबी केबल लावली, तर यंत्राने हा प्रिंटर आहे हे लगेच ओळखलंही. मला आनंद झाला. मग यादी पाठवली. रांग रिकामी झाली, म्हणजे संगणकाच्या मते काम पूर्ण झालं होतं. प्रिंटरचा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि कागद जागचा हलला नाही. परत पाठवली, तेच. ग्रंथपालबाईंच्या लॅपटॉपला तोच प्रिंटर लावला तर सुरेख छापतो.

जुन्या यंत्राला प्रिंटर निवडताना खरा प्रश्न इथेच आहे आणि दुकानात तो कुणी विचारत नाही : प्रिंटरला स्वतःला कोणती भाषा कळते? जुन्या पद्धतीच्या प्रिंटरच्या पोटात अक्षरांचा साचा असतो. तुम्ही इंग्रजी ए चा संकेत पाठवला की तो ए काढतो. आजच्या बऱ्याच स्वस्त इंकजेटमध्ये हे काहीच नसतं. पानावरचा एकेक ठिपका कुठे पडायचा ते संगणकातल्या ड्रायव्हरने ठरवायचं आणि त्या कंपनीच्या खास बोलीत पाठवायचं. तो ड्रायव्हर विंडोज, मॅक आणि आजच्या लिनक्ससाठी मिळतो. २००५ च्या फ्रीबीएसडीसाठी तो कोण लिहिणार? टाकीचा प्रिंटर लॅपटॉपला दिला आणि मी दुसरा शोधायला लागले.

मला हवा होता एचपीची पीसीएल भाषा कळणारा, साधा मजकूर सरळ छापणारा आणि पॅरलल पोर्ट (यूएसबीच्या आधीची प्रिंटरची रुंद जोडणी) असलेला इंकजेट. डेस्कजेट मालिका १९८८ पासूनची. तिच्यातले बहुतेक जुने प्रिंटर पीसीएल बोलतात. पण सगळे नाहीत, हे लक्षात ठेवा. ७१०, ७२० आणि ८२० या क्रमांकांचे प्रिंटर पीपीए नावाच्या वेगळ्या पद्धतीचे आहेत, ते साधा मजकूर छापत नाहीत. बाहेरून बघून हा फरक कळत नाही. नुसता 'जुना डेस्कजेट आहे' एवढ्यावर पैसे देऊ नका.

९७०सीएक्सआय मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. एका बाजूला स्टॅबिलायझर, दुसऱ्या बाजूला पितळी समया, मधे हा करडा खोका. विक्रेता म्हणाला, "मावशी, चालू आहे की नाही ते मी सांगत नाही, घरी लावून बघा." मी मागचं झाकण काढून रोलर बघितले. रबर कडक झालं होतं, पण तडे नव्हते. कार्ट्रिजच्या खणातल्या तांब्याच्या टिकल्या स्वच्छ होत्या. नऊशे रुपये दिले. १९९९ च्या सुमाराचं हे मॉडेल. मागे दोन्ही बाजूंनी छापण्याचं जोडयंत्र आहे, पॅरलल आणि यूएसबी दोन्ही जोडण्या आहेत, काळ्या शाईचं ४५ क्रमांकाचं आणि रंगीत ७८ क्रमांकाचं कार्ट्रिज लागतं. छापणारं हेड कार्ट्रिजमध्येच असतं, त्यामुळे हेड वाळलं तर कार्ट्रिज बदललं की झालं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रिंटरच्या बाबतीत हा फार मोठा दिलासा आहे. रोलर ओल्या सुती फडक्याने पुसले आणि कागद पहिल्या फटक्यात उचलला गेला.

मांडणीला एक संध्याकाळ पुरली, कारण बीएसडीची छपाईची यंत्रणा समजायला सोपी आहे. एलपीडी नावाचा राखणदार पाठीमागे बसलेला असतो, एलपीआर ही आज्ञा त्याच्याकडे काम देते, आणि कोणता प्रिंटर कुठे आहे हे प्रिंटकॅप नावाच्या एका मजकूर फायलीत लिहिलेलं असतं. १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून ही फाईल अशीच आहे. त्यात प्रिंटरचं नाव, पॅरलल पोर्टचं साधन, रांगेतली कामं ठेवायची जागा, चुका लिहायची फाईल आणि गाळणीच्या, म्हणजे मजकूर प्रिंटरकडे जाण्याआधी ज्यातून जातो त्या स्क्रिप्टचा पत्ता, एवढं द्यायचं. रांगेच्या जागेची मालकी डीमन या खात्याकडे द्यायला विसरू नका आणि गाळणीला चालवण्याची परवानगी द्या. माझा पहिला अर्धा तास या दुसऱ्या गोष्टीत गेला. शीर्षक पान बंद करणारी एसएच ही खूण घाला, नाहीतर प्रत्येक कामाआधी एक कागद नुसता नाव छापण्यात जातो.

पहिली यादी छापली आणि ओळी जिन्यासारख्या उतरत गेल्या. पहिली ओळ डावीकडे, दुसरी ती संपली तिथून खाली, तिसरी आणखी उजवीकडे, मग पानाबाहेर. युनिक्स ओळीच्या शेवटी फक्त 'खाली जा' असं सांगतं. प्रिंटरला 'डावीकडे परत ये' हेही सांगावं लागतं. डेस्कजेटला हे एकदाच समजावता येतं : गाळणीत सगळ्यात आधी एस्केप, अँपरसँड, लहान के, दोन, मोठा जी हे पाच संकेत पाठवा. त्यापुढे तो प्रत्येक ओळीला स्वतःहून डावीकडे येतो. त्यालाच जोडून ए-४ कागदाचा संकेत देते : एस्केप, अँपरसँड, लहान एल, सव्वीस, मोठा ए. कामाच्या शेवटी कागद बाहेर टाकायचा संकेत.

आणि मग मला या प्रिंटरचं खरं कौतुक वाटलं ते रजिस्टरमुळे. आमचं रजिस्टर १३२ अक्षरांच्या ओळींचं, रुंद कागदासाठी आखलेलं. ए-४ वर ते मावणार नाही म्हणून मी प्रोग्रॅम बदलायच्या तयारीत होते. पण या प्रिंटरच्या पोटातला कुरिअर टाइप इंचाला १६.६७ अक्षरं इतका बारीक करता येतो. छापता येणारी रुंदी साधारण आठ इंच, म्हणजे १३३ अक्षरं. १३२ ची ओळ एक अक्षराची जागा राखून बसली. एका संकेताने काम झालं आणि २००५ च्या प्रोग्रॅममधली एकही ओळ मला बदलावी लागली नाही. अक्षर बारीक आहे, पण इतकं स्वच्छ की ग्रंथपालबाई चष्म्याशिवाय वाचतात. ई आणि एफ आता वेगळे दिसतात.

मराठीचा प्रश्न वेगळा. थकीत पुस्तकांसाठी आम्ही सभासदांना पोस्टकार्ड पाठवतो. आमच्याकडे निम्मे सभासद आजूबाजूच्या वाड्यांवरचे, वयस्कर, आणि कार्ड हातात पडलं की ते पुस्तक घेऊन येतात. हा मजकूर मराठीतच हवा. उत्सुकतेपोटी मी एक युनिकोड मराठी फाईल तशीच प्रिंटरला पाठवून पाहिली. पानभर ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला इंग्रजी एन, ही जोडी पुन्हा पुन्हा आली. कारण बघायला गेलं तर सरळ आहे. युनिकोड मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्यातला पहिला बाइट कायम तोच आणि दुसरा दोनपैकी एक. प्रिंटर बिचारा प्रत्येक बाइटला त्याच्या तक्त्यातलं अक्षर काढत होता.

यावर उपाय घोस्टस्क्रिप्ट. १९८८ पासूनचा हा प्रोग्रॅम पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) किंवा पीडीएफमधलं पान घेतो आणि त्याचे ठिपके करून प्रिंटरच्या भाषेत देतो. त्यात सीडीजे९७० या नावाने याच प्रिंटरचा ड्रायव्हर आहे. पत्रं ग्रंथपालबाई त्यांच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये तयार करतात, पीडीएफ पेन ड्राइव्हवरून माझ्या यंत्रावर येते. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या हे सगळं लॅपटॉपवरच जुळलेलं असतं आणि पीडीएफमध्ये आकार म्हणून जातं. म्हणून ज्या यंत्राला देवनागरी अजिबात माहीत नाही, त्यावरून 'ज्ञानेश्वरी' शब्द अगदी नीट उमटतो. तो पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी भिंगाखाली धरून पाहिला. ज्ञ ची गाठ, श्व मधला अर्धा श, सगळं जागेवर.

एक अडचण येईल, ती आधीच सांगते. आजची पीडीएफ जुन्या घोस्टस्क्रिप्टला नेहमी पचत नाही. लिब्रेऑफिसमधून काढताना पीडीएफ/ए-१ हा प्रकार निवडा. तो जुन्या १.४ आवृत्तीवर बेतलेला आहे आणि त्यात पारदर्शक थर चालत नाहीत. ही खूण केल्यापासून आमचं एकही पान अडलेलं नाही. दुसरं म्हणजे, एलपीडी मोठी फाईल मध्येच कापतो, कारण त्याची मर्यादा मुळात साधारण एक एमबी आहे. प्रिंटकॅपमध्ये एमएक्सची किंमत शून्य केली की मर्यादा जाते. आमची एकशे वीस कार्डांची फाईल पहिल्या वेळी अर्ध्यात तुटली होती ती यामुळेच. आणि छपाई चार ओळी, थांबा, चार ओळी अशी होत असेल तर एलपीटीकंट्रोल या आज्ञेने पोर्ट इंटरप्टऐवजी (प्रिंटरने इशारा देण्याऐवजी) पोलिंगवर (संगणकाने सतत विचारत राहण्यावर) टाकून पाहा. आमच्याकडे तेवढ्याने फरक पडला.

कार्ड छापताना ते आखूड बाजूने आत घाला आणि मजकूर पानावर आडवा फिरवून ठेवा. तळाशी साधारण बारा मिलिमीटर जागा छापली जात नाही, तेव्हा पत्ता त्या बाजूला आणू नका. एका वेळी वीसच कार्डं ठेवा. जास्त ठेवली तर दोन चिकटून जातात. पोस्टाच्या कार्डाचा कागद थोडा शाई पिणारा आहे, बारा पॉइंटपेक्षा लहान मराठी टाइप घेतला तर अनुस्वार भरून येतात. मी चौदाचा ठेवला आहे.

४५ क्रमांकाची मूळ काळी शाई रंगद्रव्याची आहे, म्हणून जुलैच्या पावसात पोस्टमनच्या पिशवीत भिजलेल्या कार्डावरचा पत्ताही वाचता येतो. रिफिल करून घ्यायची असेल तर दुकानदाराला रंगद्रव्याचीच शाई मागा. साधी घातली तर पाण्याने ओघळते. आमच्या एका खेपेला असं झालं आणि सात कार्डं पत्त्याविना परत आली.

रंगीत छपाईसाठी मी हा प्रिंटर कुणाला सुचवणार नाही. ७८ क्रमांकाचं कार्ट्रिज महाग पडतं आणि घोस्टस्क्रिप्टच्या या ड्रायव्हरवरून फोटो काही खास येत नाहीत. जागाही बरीच खातो, मागच्या जोडयंत्रासाठी टेबल भिंतीपासून पुढे ओढावं लागलं. ज्यांच्याकडे एखादा आजचा लिनक्स संगणक जवळपास चालू असतो, त्यांनी नवीन प्रिंटर त्याला लावावा, त्यावर कप्सचा (लिनक्सच्या छपाई यंत्रणेचा) एलपीडी जोड सुरू करावा, आणि जुन्या यंत्राच्या प्रिंटकॅपमध्ये त्या संगणकाचं नाव द्यावं. तोही चांगला मार्ग आहे. आमच्याकडे दिवसभर चालू राहील असं दुसरं यंत्र नाही. दोन वर्षांत या प्रिंटरने एकदाही मला दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं नाही. मजकूर, याद्या आणि पत्रं एवढंच काम असेल तर मी पाचपैकी पाच देते.

कार्ट्रिजची काळजी मला सुरुवातीला होती, आता नाही. पाकिटांवर तारीख आणि बॅच छापणाऱ्या यंत्रांत याच ४५ च्या घडणीचं कार्ट्रिज वापरतात, त्यामुळे पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केली की मिळतं. आमच्या गावाजवळच्या मसाल्याच्या कारखान्याला माल देणाऱ्याने मला दोन आणून दिली. फक्त विचारताना कागदावर छापायची, पाण्यातली शाई हवी असं स्पष्ट सांगा. प्लॅस्टिकवर झटकन वाळणारी सॉल्व्हंट शाईही त्याच आकारात येते, ती या प्रिंटरला घालू नका. एक कार्ट्रिज लावलेलं आहे, दुसरं वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, पाकीट न फोडता.