दादांचा कारखाना की अण्णांचं वसतिगृह?

पालिकेची निवडणूक लागली की आमच्याकडचे उमेदवार वारसा सांगू लागतात. सांगलीत माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचा, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचा, म्हणजे अण्णांचा. नावं नुसती फलकावर असली तरी मागे कामाच्या दोन तऱ्हा आहेत: आधी रोजगार उभा करायचा की आधी शाळा. तुमच्या प्रभागात दोन्ही तऱ्हांची बरी माणसं उभी असतील आणि मत ठरत नसेल, तर दोन्ही जिल्ह्यांत राहिल्यावर मी काय तोललं ते सांगतो.

दादांचं पारडं हलकं मुळीच नाही. सांगलीच्या साखर कारखान्याची गणना एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत होई. ऊस आला की त्याच्या मागे ट्रक येतात, गॅरेजं येतात, पतपेढ्या येतात, बाजारपेठेत उधारी फिटते. शिक्षणाचंही तसंच. स्वतः फारसं न शिकलेल्या या माणसाने मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी आपली पोरं देणगी मोजून कर्नाटकात जात होती. आज गावोगाव इंजिनिअर दिसतात त्यात या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे. फी भरताना बापाचं रान गहाण पडलं, हेही तितकंच खरं.

अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. ‘कमवा आणि शिका’मध्ये पोरगं शेतात राबायचं आणि वर्गात मान वर करून बसायचं, कारण आपल्या शिक्षणाचा खर्च आपण फेडतोय हे त्याला ठाऊक असायचं. मला या योजनेचं हेच अंग सगळ्यात मोठं वाटतं.

अण्णांच्या तऱ्हेत एक उणं आहे. शिकलेल्या मुलाला गावात ठेवायला शाळा पुरत नाही. साताऱ्याच्या स्टँडवर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांना कशी झुंबड उडते ते बघा. सांगलीची पोरंही जातातच म्हणा, पण घराजवळ नोकरी हवी असेल तर पहिली तऱ्हा जवळची वाटणं साहजिक आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मग चुलतभावाचं प्रकरण झालं. डिप्लोमा झालेला, कामाला वाघ. एका सहकारी संस्थेत मुलाखतीला गेला तर पहिला प्रश्न, ‘कुणाकडून आलाय?’ घरच्यांनी धावपळ करून चिठ्ठी आणली, तो हंगामी म्हणून लागला. कायम होण्याच्या बेताला आला आणि संचालक मंडळाची निवडणूक लागली. पॅनेल पडलं. नव्या मंडळाने जुन्यांच्या चिठ्ठीवर आलेली पोरं वेचून कमी केली. त्याच्या कामाबद्दल कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, तो ‘त्यांचा’ होता.

याचा दोष दादांना देता येणार नाही. त्यांनी संस्था उभ्या केल्या, चिठ्ठ्या पुढच्यांनी आणल्या. पण रोजगार नेत्याच्या हातून येतो तिथे तो नेत्याच्या हातूनच जातो, हे मला त्या वर्षी कळलं. घरातली चार मतंही त्या नोकरीला बांधली गेली होती. सांगलीचा तो मोठा कारखानासुद्धा पुढे भाडेतत्त्वावर द्यावा लागला. अण्णांच्या वसतिगृहात शिकलेल्याची पदवी मात्र कुठल्याच पॅनेलला काढून घेता आली नाही.

तुमच्या घरात कुणी चांगल्या संस्थेत कायम असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल, आणि तो चुकीचा म्हणणार नाही. पोटाला आज लागतं, शाळेचं फळ दहा वर्षांनी मिळतं.

मी प्रचाराला आलेल्याला दोनच गोष्टी विचारतो. तुमच्या संस्थेत शेवटची भरती झाली तेव्हा पेपरात जाहिरात आली होती का? आणि आपल्या प्रभागातल्या पालिकेच्या शाळेचा पट किती? पहिल्यावर बहुतेक जण हसून विषय बदलतात. दुसऱ्याचा आकडा ज्याला तोंडपाठ असतो, माझं मत त्याला जातं.