घरी सांगायच्या आधी इथे नक्की जा (काउन्सेलिंग, अलकापुरी, बडोदा)

मी गे आहे आणि हे घरी कसं सांगायचं या टेन्शनमध्ये इथल्या मॅडमकडे गेलो होतो. बडोद्यात माझ्यासारखं कोणी असेल त्याच्यासाठी लिहितोय.

आधी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलेलो, ते म्हणाले लग्न कर आपोआप नीट होईल, वर गोळ्यापण लिहून दिल्या. मॅडमनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं की हा आजारच नाही, डब्ल्यूएचओने १९९० मध्येच यादीतून काढलंय, आणि "बदलून देतो" असले उपचार हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय.

सगळ्यात चांगलं म्हणजे त्या सांगून टाक म्हणून मागे लागत नाहीत. उलट विचारलं, घरातून काढलं तर कुठे राहशील, पगारात भागेल का, मार्कशीट-आधार कोणाकडे आहे, तुझ्या बाजूने पहिलं कोण उभं राहील? म्हणून मी आधी मावशीला सांगितलं, आणि ते बरंच झालं कारण आई चिडली तेव्हा तिला समजावायला तीच धावत आली. आमचं घर दांडिया बाजारात, तिथे कोण कुठे गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, पण इथे बाहेर नाव पुकारत नाहीत, मेसेजमध्येपण फक्त वेळ असते.

मग आईबाबांना घेऊन गेलो. आई रडत एकच विचारत होती, आमचं कुठे चुकलं, आणि मॅडम न कंटाळता सांगत होत्या की वाढवण्याचा याच्याशी काही संबंध नाही. बाबा बराच वेळ गप्प, मग एकदम म्हणाले, पोलीस केस होईल का? नाही, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा गुन्हा नाही. मग लग्न? तर तेपण खरं सांगितलं, २०२३ मध्ये कोर्टाने अशा लग्नाला मान्यता दिली नाही. खोटी आशा न दाखवल्यामुळेच बाबांचा विश्वास बसला असं मला वाटतं. ते अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आई मात्र आता एकटीच मॅडमकडे जाऊन येते.

मॅडम गुजराती-हिंदी बोलतात, मराठी समजतं. फी जास्त आहे आणि शनिवारची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. परवडत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्रीपण चालू असतो.