तेच पनीर, तीच अंडी: शाकाहारी लो-कार्ब ताटात बदल आणायचा तर कुठून?

लो-कार्ब सुरू केलं की पहिले पंधरा दिवस मजेत जातात. तिसऱ्या आठवड्यात फ्रीज उघडावा तर पनीर, अंडी, पालक, फ्लॉवर. चौथ्या आठवड्यात फ्रीज उघडायचाच कंटाळा येतो. मांसाहार करणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं, त्यांच्याकडे निवडीला वाव असतो. बहुतांशी शाकाहारी माणसाचं प्रोटीन मात्र डाळी-कडधान्यांतून येतं आणि कार्बही तिथूनच. एक वगळायला जावं तर दुसरं हातातून सुटतं.

माझंही असंच झालं. मग सगळे करतात तेच मी केलं. कधी न वापरलेल्या आठ-दहा वस्तू एकदम घेऊन आले. त्यातल्या तीन अजून कपाटात तशाच पडून आहेत. हा आढावा म्हणजे त्या फसलेल्या खरेदीतून आलेलं शहाणपण. बदल आणायचे ढोबळ मार्ग चार: सोडलेल्या पदार्थांची नक्कल करणं, प्रोटीनचे नवे प्रकार आणणं, कडधान्यांना मोजूनमापून परत बोलावणं, आणि आहेत त्याच वस्तूंचा पोत नि चव बदलणं.

आधी तुमचा आकडा कोणता?

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब म्हणजे लो-कार्ब, असं साधारण धरतात. कीटो त्याहून कडक, २० ते ५० ग्रॅमचं. म्हणजे ११० ग्रॅमवाला आणि २५ ग्रॅमवाला दोघंही "मी लो-कार्बवर आहे" म्हणतात, पण एकाचा सल्ला दुसऱ्याच्या कामाचा नसतो. पुढचं सगळं वाचताना आपला आकडा डोक्यात ठेवा.

फायबर पचत नाही, म्हणून हिशेब करताना ते कार्बमधून वजा करतात. लेबल वाचताना तिथेच एक गफलत होते. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं. युरोपीय लेबलवर ते आधीच वगळून वेगळ्या ओळीत देतात. तिथून पुन्हा फायबर वजा केलं तर आपण स्वतःलाच फसवतो. इथे दिलेल्या कार्बच्या आकड्यांत फायबर धरलेलं आहे.

आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. कार्ब अचानक कमी झाले आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

नक्कल: दुधाची तहान ताकावर

सगळे आधी इकडेच वळतात. फ्लॉवरचा भात, कोंजॅकच्या नूडल्स, बदामाच्या पिठाचा ब्रेड.

फ्लॉवरचा भात आकड्यांत उत्तम. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये ५, त्यातलं २ फायबर. पण तो करायची रीत बहुतेकांची चुकते. झाकण ठेवलं की संपलं, वाफेनं लगदा होतो. किसलेला फ्लॉवर रुंद पसरट भांड्यात, मोठ्या आचेवर, थोडाथोडा परतायचा आणि मीठ शेवटी घालायचं, कारण मिठानं पाणी सुटतं. एवढं पाळलं तर तो खाण्याजोगा होतो. भात होत नाही. ज्यांना भाताचीच आठवण छळते त्यांना तो पहिल्या घासाला निराश करतो, आणि ज्यांना नुसतं रस्सा शोषून घेणारं काहीतरी खाली हवं असतं त्यांना आवडतो. तुम्ही यातले कोण, ते एका जेवणात कळतं.

कोंजॅकच्या नूडल्स म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि एका कंदाचं विद्राव्य फायबर. पाकीट उघडल्यावर येणाऱ्या वासानं घाबरू नका. चाळणीत भरपूर धुवा आणि कोरड्या तव्यावर परता. पाणी आटत आलं की त्या चक्क चूं-चूं आवाज करतात, तेव्हा तेल आणि मसाला घाला. त्यांना स्वतःची चव नाही, प्रोटीनही नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, पण ते जेवण नव्हे. महिन्यातून दोनदा ठीक.

पिठांचं प्रकरण जास्त खर्चिक आणि जास्त फसवं. बदामाचं पीठ आणि खोबऱ्याचं पीठ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खोबऱ्याचं पीठ कितीतरी पट पाणी पितं, त्यामुळे एक कप बदामाच्या पिठाऐवजी ते पाव ते एक तृतीयांश कपच घ्यावं लागतं आणि अंडी वाढवावी लागतात. मी पहिल्यांदा कपाला कप घेतलं होतं. केक नव्हता, वाळू होती. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रोटीन, नसल्यामुळे हे ब्रेड भुगा होतात, त्यांना धरून ठेवायला इसबगोलाची पूड लागते. काही कंपन्यांच्या पुडीनं ब्रेड जांभळट निघतो. सुकामेव्याची ॲलर्जी म्हणून कोणी सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरतं, त्यात बेकिंग सोडा पडला की ब्रेड आतून हिरवागार. दोन्हींत बिघडलेलं काही नसतं, पण पाहुण्यांना समजावत बसावं लागतं.

माझं मत विचाराल तर नक्कल हा सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात लवकर विटणारा मार्ग आहे. शिवाय बदामाच्या पिठाच्या १०० ग्रॅममध्ये ६०० च्या आसपास कॅलरी असतात. वजनासाठी हे सगळं चाललं असेल तर रोजचा "हेल्दी" ब्रेड चुपचाप हिशेब बिघडवतो. कपाटातल्या त्या तीन वस्तू याच गटातल्या, हे वेगळं सांगायला नको.

नवं प्रोटीन: इथे थोडं थांबा

इथला फरक डोळ्यांना लवकर दिसावा म्हणून आधी आकडे. सगळे १०० ग्रॅमचे, अंदाजे. ब्रँडप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात.

| पदार्थ | प्रोटीन (ग्रॅम) | कार्ब (ग्रॅम) | खास गोष्ट |
|---|---|---|---|
| पनीर | १८–२० | २–४ | फॅट २० च्या पुढे |
| घट्ट टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) | १२–१७ | २–३ | फॅट पनीरच्या निम्म्याहून कमी |
| टेंपे | १९–२० | ८–९ | आंबवलेलं, चावायला भक्कम |
| अंडी (मध्यम आकाराची दोन) | १२ | १ | बी-१२ जीवनसत्त्व मिळतं |
| पाणी निथळलेलं घट्ट दही | ९–१० | ४ | साध्या दह्याच्या अडीचपट प्रोटीन |
| सोया चंक्स (कोरडे) | ५० | ३३ | भिजवून दुप्पट-तिप्पट फुगतात |

सोया चंक्सचा आकडा बघून दचकू नका. एका वेळी कोरडे ३० ग्रॅम पुरतात. त्यातून १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, कार्ब १० ग्रॅम आणि त्यातला बराच भाग फायबर. मिठाच्या गरम पाण्यात भिजवून पिळा, ताज्या पाण्यात टाकून पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळल्याशिवाय तो उग्र वास जात नाही.

टोफूबद्दल तक्रार ठरलेली: "चव नाही, पचपचीत लागतो." दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींवर एकच इलाज आहे, फ्रीझर. घट्ट टोफूचं पाकीट तसंच रात्रभर गोठवा. सकाळी तो पिवळसर दगड दिसेल, वाटेल बिघडला. वितळल्यावर रंग परत फिकट होतो. आत बर्फाच्या स्फटिकांनी जागोजागी छिद्रं पाडलेली असतात. आता तो दोन तळहातांमध्ये धरून हळूच दाबा. स्पंज पिळावा तसं पाणी निघतं आणि राहतो तो जाळीदार, चिवट, रस शोषायला टपलेला तुकडा. मॅरिनेड साध्या टोफूच्या पृष्ठभागावरच राहतं, या टोफूत ते आतपर्यंत शिरतं. पनीरला कंटाळलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगते.

टेंपे मूळचं इंडोनेशियातलं. सोयाबीनवर एक प्रकारची बुरशी वाढवून त्याची वडी बांधतात. वरचा पांढरा थर म्हणजे तीच बुरशी, आणि करड्या-काळ्या ठिपक्यांनीही बिघडत नाही. हिरवा किंवा गुलाबी रंग दिसला तर मात्र फेकून द्या. थोडं कडवट लागतं म्हणून आधी दहा मिनिटं वाफवा, मग पातळ कापून तळा. चावायला काही नाही म्हणून ज्यांचं मन भरत नाही त्यांच्यासाठी टेंपे टोफूपेक्षा सरस. मिळालं तर.

सीटान, म्हणजे गव्हाच्या पिठातला स्टार्च धुऊन काढून उरलेलं ग्लूटेन, प्रोटीनला जोरदार आणि कार्बला कमी. पण त्यात लायसिन हे अमिनो आम्ल तुटपुंजं असतं, त्यामुळे दिवसात कुठेतरी सोया, अंडी किंवा दूधदुभतं हवं. सिलिॲक आजार, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार, असेल तर सीटानचा विचारही नको.

पनीर, अंडी सोडायची का? अजिबात नाही. नुसत्या टोफू-टेंपेवर राहिलात तर बी-१२ कुठून येणार, हा प्रश्न उभा राहतो. टेंपेतल्या बी-१२ वर भरवसा ठेवता येत नाही.

कडधान्यं परत आणायची का?

कडक कीटोवाले हा भाग सोडून देऊ शकतात. बाकीच्यांनी मात्र उगाच घाबरून डाळी बंद केलेल्या असतात.

१०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात कार्ब २०, त्यातलं फायबर ८. उरले १२. दिवसाची मर्यादा १०० असेल तर हे सहज बसतं. २० असेल तर अर्ध्याहून जास्त कोटा एका वाटीत गेला. छोल्यांत कार्ब २७ आणि फायबर साडेसात, म्हणजे मसुरापेक्षा महाग सौदा. सोयाबीन यांत वेगळं पडतं: शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १७ च्या आसपास, कार्ब ८–९, त्यातलं ६ फायबर. एडामामे, म्हणजे सोयाबीनचे कोवळे हिरवे दाणे, साधारण ११ ग्रॅम प्रोटीन आणि ९ ग्रॅम कार्ब देतात. कीटोवाल्यांनाही मूठभर परवडतील.

नक्कल आणि कडधान्य यांत निवडायचं झालं, आणि तुमचा आकडा ७०–८० च्या वर असेल, तर मी डोळे झाकून कडधान्य निवडेन. चव ओळखीची, फायबर भरपूर, करायला नवं काही शिकायला नको. वाटी मात्र मोजायची. अंदाजानं वाढलेली "थोडीशी डाळ" वजनकाट्यावर ठेवून बघा एकदा.

पोत आणि चव: सगळ्यात स्वस्त बदल

कंटाळा पनीरचा नसतो, मऊपणाचा असतो. पनीर मऊ, अंडं मऊ, दही मऊ, शिजलेला पालक मऊ. लो-कार्बमध्ये कुरकुरीत पदार्थच ताटातून गेलेले असतात. ते परत आणले की तेच पनीर वेगळं लागतं.

त्यासाठी सुकामेवा आणि बिया, पण सगळे सारखे नाहीत. ३० ग्रॅम काजूत कार्ब ९, फायबर जेमतेम १. तेवढ्याच अक्रोडात कार्ब ४, फायबर २. बदाम मधे, साडेसहा आणि साडेतीन. काजू खात खात गप्पा मारणं आणि बिस्किटं खाणं यांत फार अंतर राहत नाही. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया सगळ्यात कामाच्या, १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम प्रोटीन. चीज तव्यावर पातळ पसरून करपायच्या जरा आधी काढलं की गार होताना कडक होतं. कोबी मोठ्या आचेवर कडेनं काळसर होईपर्यंत भाजला तर तो वाफवलेल्या कोबीचा भाऊही वाटत नाही.

मशरूमचं वेगळं. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची असते, ती उष्णतेनं विरघळत नाही, म्हणून कितीही शिजवले तरी लगदा होत नाही. उलटा क्रम करून बघा. तेलाऐवजी आधी थोडं पाणी घालून शिजवा, सगळं पाणी आटू द्या, मग तेल घाला. तेल पिऊन टाकत नाहीत आणि रंग छान येतो.

शाकाहारी लो-कार्बमध्ये जी भरीव, मांसल चव हरवते तिचं नाव उमामी. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री वनस्पतीच्या रश्शातून तिचं मूळ शोधलं: ग्लुटामेट. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हा उमामीचा दुसरा घटक असतो. ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढते. म्हणून सुके मशरूम भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात टोमॅटो किंवा सोया सॉस पडला की फिकट टोफूचाही रस्सा होतो. चीजनंही हे साधतं, पण खऱ्या पार्मेजानमध्ये रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं विरजण, असतं. शाकाहार कडक पाळत असाल तर शाकाहारी रेनेटचं चीज बघून घ्या. आणि तयार सॉस घेताना मागची बाजू वाचा. केचपमध्ये वजनाचा जवळपास पाव भाग कार्बच असतात.

मग कोणी काय घ्यावं?

मर्यादा २०–३० ग्रॅम असेल तर टोफू, टेंपे आणि पोत-चव. कडधान्यांत फक्त सोयाबीन. मर्यादा ८० च्या वर असेल तर आधी कडधान्याची मोजलेली वाटी, मग बाकी. घरात एकच माणूस लो-कार्बवर असेल तर पोत-चवीचा मार्ग सोयीचा, कारण वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. स्वयंपाकाचीच हौस असेल, पिठं मळायला मजा येत असेल, तरच नक्कल. आणि तुमच्या "बहुतांशी" शाकाहारात अधूनमधून मासे बसत असतील तर आठवड्यातून एक दिवस तेही. त्यांत कार्ब नसतात, पुढे सांगण्यासारखं काही नाही.

एका वेळी एकच मार्ग घ्या. चार नव्या वस्तू एकदम आणल्या तर कुठली आवडली नाही हेही कळत नाही. सुरुवातीला टोफूचं एक पाकीट पुरे. आज रात्री ते फ्रीझरमध्ये टाका, उद्या संध्याकाळी पिळून बघा.