सर्व्हिसिंगनंतर पेपर उचलेना: रोलर-पॅड किटचा एका पावसाळ्याचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. लेझर प्रिंटर पेपर नीट उचलत नसेल, तर पिकअप रोलर (ट्रेमधून पेपर ओढणारा रबरी रोलर) आणि सेपरेशन पॅड (एका वेळी एकच पेपर सोडणारं पॅड) दोन्ही एकदमच बदला आणि किट कंपनीचंच घ्या. बिघाड सर्व्हिसिंगनंतर सुरू झाला असेल, तर किट मागवण्याआधी मशीनमध्ये हात कुठे कुठे लागला होता तेवढं तपासा. मी हे किट उन्हाळ्याच्या तोंडावर बसवलं. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, दिवाळीची गडबड गेली, आणि मशीन अजून मुकाट एकेक पेपर उचलतंय.

मशीन साधंच आहे. काळं-पांढरं, दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं, खाली २५० पेपरचा ट्रे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष मॉडेलचा नव्हता, आणि पेपर उचलायची रचना या वर्गातल्या बहुतेक मशीनमध्ये सारखीच असते. आमचं दुकान टायपिंग-झेरॉक्सचं, कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडच्या बाजूला. वकीलपत्रं, शपथपत्रं, भाडेकरार, विद्यापीठातल्या पोरांचे प्रोजेक्ट असं दिवसभर काही ना काही चालूच असतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना पेपर अडकला की कामाची सगळी लय जाते.

झालं असं की फ्युजरची (तापवून छपाई कागदावर पक्की करणाऱ्या भागाची) फिल्म फाटली म्हणून मशीन सर्व्हिसिंगला दिलं. फिल्म बदलून, आतून झाडून-पुसून परत आलं. छपाई झकास, अक्षर ठसठशीत. पण पेपरचं तंत्र पार बिघडलेलं. ट्रे भरलेला असला की नुसतं खरखर करायचं आणि पेपर संपल्याचा दिवा लावायचं. ट्रे अर्धा केला की उचलायचं, पण मधेच दोन-दोन, तीन-तीन पेपर एकदम. आणि वर तिसरंच दुखणं, पान पूर्ण छापून बाहेर पडलंय, आत कपटासुद्धा नाही, तरी जॅमचा दिवा लागलेला. दुकानातला मुलगा थोड्या थोड्या वेळानं हाक मारायचा, "ताई, परत अडकलं बघा." ज्यांनी सर्व्हिसिंग केलं त्यांना फोन केला तर उत्तर एकच, मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्या. मला ते पटलं नाही. देताना पेपर नीट ओढणारं मशीन परत आल्यावर ओढत नसेल, तर कारण त्याच्या वयात नाही, उघडझाकीत शोधायला पाहिजे.

तीन दोष एकदम दिसले की माणूस गोंधळतो आणि सगळंच बदलायला निघतो. तसं करू नका. सगळ्यात आधी पेपर नेमका कुठे थांबतो ते बघा. त्यासाठी पान छापायला सोडायचं आणि पेपर आत शिरला की पुढचं झाकण उघडायचं. मशीन तिथल्या तिथे थांबतं. मग प्लग काढायचा, कार्ट्रिज बाहेर घेऊन काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचं, कारण त्यातल्या ड्रमला उजेड सोसत नाही. आता पेपरची पुढची कड बघा. पेपर ट्रेमधून हललाच नसेल तर पिकअप रोलर. हलला, पण रजिस्ट्रेशन रोलरच्या (पेपर सरळ करून पुढे सोडणाऱ्या रोलरच्या) अलीकडेच राहिला, तर एक तर रोलर घसरतोय किंवा तिथल्या सेन्सरची पट्टी अडकलीय. कार्ट्रिजखालून पुढे जाऊन फ्युजरपाशी चुरगळला असेल, तर फ्युजर तरी नाही तर मागचं झाकण नीट बसलेलं नाही. फ्युजर चालू असताना २०० अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा मागून हात घालण्याआधी मशीन पुरतं निवू द्या.

मशीन पेपर बघत नाही, वेळ मोजतं. रोलर फिरल्यापासून ठरलेल्या वेळात पेपरची कड सेन्सरपाशी पोचली पाहिजे, आणि शेपूट ठरलेल्या वेळात तिथून सुटलं पाहिजे. उशीर झाला की जॅम, मग पेपर फाटलेला असो वा नसो. रोलर थोडासा घसरला तरी जॅम का दाखवतो, ते यावरून कळेल.

आमच्या रोलरनं स्वतःच साक्ष दिली होती. उशिरा शिरलेल्या पानांवर वरच्या कडेला, मधोमध, दोन बोटं रुंदीचा फिकट काळपट पट्टा पडायचा. रोलर जागेवरच घासत राहिला की असा पट्टा उमटतो. रोलर काढला. दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की तो हातात येतो. रबराच्या बारीक रेघा शाबूत होत्या, म्हणजे झिजलेला नव्हता. पण पृष्ठभाग चकचकीत, बोटाला किंचित निसरडा, आणि नाकाशी धरल्यावर वंगणाच्या स्प्रेचा स्पष्ट वास. गिअरवर मारलेला फवारा रोलरवर उडाला होता. नुसती कागदाची भुकटी बसलेली असती तर ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसून, वाळवून भागलं असतं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात खडूची पूड घातलेली असते, तीच रबरावर बसते आणि पुसली की जाते. तेल मात्र रबरात मुरतं. पुसल्यावर पाच-पन्नास पानं बरी निघायची आणि पुन्हा तेच. म्हणून किट मागवलं.

आता पॅडविषयी सविस्तर, कारण बरेच जण फक्त रोलर बदलतात आणि फसतात. एका वेळी एकच पेपर जाण्यामागे घर्षणाचं गणित आहे. रोलर आणि वरचा पेपर यांच्यातली पकड सगळ्यांत जास्त हवी. पेपर आणि पॅड यांच्यातली त्याहून कमी. आणि पेपर-पेपरमधली सगळ्यांत कमी. वरचा पेपर रोलरबरोबर पुढे जातो, त्याला चिकटून आलेल्या खालच्या पेपरला पॅड मागे धरून ठेवतं. ही उतरंड कुठेही मोडली की दोनच गोष्टी होतात. रोलर हरला की पेपर उचलत नाही, पॅड हरलं की डबल पेपर. नवा चरचरीत रोलर जुन्या गुळगुळीत पॅडसमोर बसवला, तर पेपर उचलायचं दुखणं जाईल आणि डबल पेपरचं सुरू होईल. म्हणून जोडीनंच बदलायचं.

आमच्याकडे पॅडचं आणखी एक होतं. पॅडखाली एक छोटी स्प्रिंग असते, ती पॅडला रोलरवर दाबून धरते. आमची स्प्रिंग खोबणीतून निसटून आडवी पडलेली, आणि ओढाताणीत ताणली गेलेली. किटमध्ये रोलर आणि पॅड असतं, स्प्रिंग नसते. सुटी मिळेना. शेवटी जुनी स्प्रिंग कागदाच्या पुडीत बांधून शिवाजी उद्यमनगरात नेली. लेथ, ड्रिल आणि पॉलिशिंगच्या त्या गल्ल्यांत काय करून मिळत नाही! स्प्रिंगचं काम करणाऱ्या एका मामांनी तारेची जाडी मापली, वेढे मोजले आणि बसल्या बैठकीत दोन करून दिल्या, एक जरा कडक, एक नरम. म्हणाले, "दोन्ही लावून बघा, जी चालंल ती ठेवा." कडक लावली तर पॅड इतकं दाबलं गेलं की रोलरलाही पेपर पुढे नेववेना. नरम लावली आणि डबल पेपर बंद. ती आजतागायत आहे. वर सांगितलेलं गणित त्या दोन स्प्रिंगांनी मला डोळ्यांनी दाखवलं.

तिसरा दोष, रिकाम्या मशीनला जॅम, याचा रोलरशी काही संबंध नव्हता. पेपर बाहेर पडतो तिथे काळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी असते. पेपर आला की ती कलते, गेला की परत उभी राहते, आणि तिचं दुसरं टोक आतल्या प्रकाशाच्या सेन्सरसमोरून ये-जा करतं. तिला परत आणायला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. फ्युजर काढून बसवताना त्या स्प्रिंगचा पाय खाचेबाहेर राहिला होता. पट्टी कलायची, पण परत यायला वेळ लावायची, आणि मशीनला वाटायचं पेपर अजून आतच आहे. चिमट्यानं पाय खाचेत बसवला, काम संपलं. सुटा भाग नाही की खर्च नाही. सर्व्हिसिंगनंतर खोटा जॅम दाखवणाऱ्या प्रत्येकानं आधी या पट्ट्या बोटानं हळूच हलवून बघाव्यात. सोडल्यावर टचकन परत आली पाहिजे.

किटविषयी. मी आधी बाजारातलं साधं किट लावून बघितलं होतं, कंपनीच्या किटच्या निम्म्याहून कमी किमतीचं. पहिले काही आठवडे फरक कळत नाही. मग रबर चकाकायला लागतं आणि जाड पेपरवर घसरायला सुरुवात होते. ज्यांच्याकडे आठवड्याला एखादं रिम लागतं त्यांचं त्यावर निभेल, दुकानाला नाही. कंपनीच्या किटचं रबर हाताला मऊ लागतं आणि रेघा खोल असतात. बसवताना दोनच गोष्टी सांभाळा. रबराच्या भागाला बोटं लावू नका, हाताचं तेलही पुरतं. आणि दोन्ही खिट्ट्या बसल्याचा टक् आवाज आल्याशिवाय ट्रे आत ढकलू नका. अर्धवट बसलेला रोलर तिरका फिरतो आणि पेपर तिरका छापतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की शहराची हवाच बदलते. भिंती दमट, कपडे दमट, कागद दमट. उघड्या रिमच्या कडा आधी ओल शोषतात आणि मध्य कोरडा राहतो, म्हणून कडांना लाटा येतात. असे पेपर एकमेकांना चिकटतात, म्हणजे पेपर-पेपरमधलं घर्षण वाढतं, आणि चांगलं पॅडसुद्धा मार खातं. जुलैत एकदोनदा डबल पेपर आला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण दोष कागदाचा निघाला. आता रिमचं वेष्टन लागेल तेव्हाच फोडायचं, उरलेले पेपर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचे आणि रात्री ट्रे रिकामा करायचा, असा शिरस्ता आहे. रात्रभर ट्रेमध्ये राहिलेला पेपर सकाळी पहिल्या दहा पानांत त्रास देतो. रिमवर बाण छापलेला असेल तर आधी कुठली बाजू छापायची ते त्यावरून कळतं, त्याकडेही लक्ष द्या, गुंडाळी कमी होते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेही आमच्याच रस्त्यावर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथली कामंही आता इथे येतात. इतक्या वर्षांची मागणी पूर्ण झाली, आनंद मलाही आहे, आणि दुकानाचं कामही वाढलं. एका प्रकरणाचे चार-चार, पाच-पाच सेट, सलग दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी छापताना पेपर एकदा तापून, किंचित वळून परत आत येतो, म्हणून तिथे जॅमची भीती जास्त. ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) पेपर या कामात वळायचा. ७५ जीएसएमचा घेतल्यापासून ते थांबलं. स्वस्त रिमबद्दल शंका आली तर वजन करून बघा. ए-फोर ७५ जीएसएमचं ५०० पेपरचं रिम जवळपास २ किलो ३४० ग्रॅम भरलं पाहिजे.

हिरव्या लेजर पेपरचं (खातेवहीला वापरतात तसल्या कागदाचं) मात्र अजून पूर्ण समाधान नाही. तो लीगल आकाराचा, जाडसर, आणि गठ्ठा कापताना कडांना बारीक कूस राहते, ती कूस पेपर एकमेकांत अडकवते. गठ्ठा चारी बाजूंनी फुलवून, टेबलावर आपटून सरळ केला आणि ट्रे अर्ध्याहून जास्त भरला नाही, तर चालतं. घाईत हे केलं नाही की डबल पेपर येतोच. ट्रेच्या मागच्या खुणेला पट्टी नीट टेकवली का, तेही लीगलसाठी दर वेळी बघायला लागतं, कारण ए-फोर २९७ मिलिमीटर लांब आणि लीगल ३५६. पट्टी मागे राहिली की पेपर ट्रेत सरकतो आणि रोलरपर्यंत पोचतच नाही. लिफाफे मी या मशीनवर छापतच नाही, त्यासाठी शेजारच्यांचं जुनं इंकजेट आहे.

किटचा खर्च मला नव्या मशीनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात पडला, दोन्ही स्प्रिंगा धरून. जुना तेलकट रोलर फेकलेला नाही. कुणी दुकानात येऊन पेपर उचलत नसल्याचं सांगितलं की नव्याशेजारी तो ठेवते आणि दोन्हीवर बोट फिरवून बघायला सांगते.