दाताच्या खुर्चीची धास्ती: गॅस, गोळी की शिरेतून औषध?

आधी एक गैरसमज काढून टाकू. गुंगी म्हणजे भूल नव्हे. खालच्या तिन्ही प्रकारांत हिरडीत बधिरतेचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. दुखणं थांबतं ते त्यानेच. गुंगीने फक्त छातीतली धडधड उतरते. ‘सुई नको, म्हणून गुंगी द्या’ असं ठरवून गेलात तर हिरमोड होईल. एवढं मात्र खरं, की गुंगीत ती सुई फारशी जाणवत नाही.

लाफिंग गॅस ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. काही मिनिटांत हातपाय सैल पडतात, ड्रिलचा आवाज ऐकू येतो पण अंगावर येत नाही. डॉक्टर ‘तोंड उघडा’ म्हणाले की उघडता येतं. काम संपल्यावर पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला, की बहुतेक जण ताळ्यावर येतात. प्रकार नवा नाही: हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने 1844 साली हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. नाक चोंदलेलं असेल तर मात्र उपयोग नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने हा गॅस टाळतात. बी-12 कमी असेल तर तेही आधी सांगा. शाकाहारी घरांत ही कमतरता बरीच आढळते.

गोळी सगळ्यांत सोपी वाटते आणि तिथेच माणूस फसतो. साधारण तासभर आधी घ्यायची. पण एकदा पोटात गेली की कमी-जास्त करता येत नाही. एकाला गाढ डुलकी लागते, दुसरा टक्क जागा. आजीच्या डब्यातली झोपेची गोळी परस्पर घेऊन जाणं तर मुळीच नको.

शिरेतून बहुधा मिडाझोलम हे गुंगीचं औषध देतात. मात्रा हळूहळू वाढवता येते, परिणाम दोन-तीन मिनिटांत दिसतो आणि नंतर बरंचसं आठवतच नाही. पण श्वास मंदावू शकतो, म्हणूनच इथे प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन आणि बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर हवाच. झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्यांनी हे आधी सांगायचं. उपाशी किती वेळ राहायचं तेही विचारून घ्या, नाहीतर सकाळी पोह्यांची बशी रिकामी करून याल आणि तसेच परत जाल.

राहिला पुणेकरांचा प्रश्न: दुचाकी. गोळी किंवा शिरेतलं औषध घेतलं तर 24 तास गाडी चालवायची नाही, आणि पेंगत मागच्या सीटवर बसणंही धोक्याचंच. घरचं कुणीतरी सोबत आणा, जाताना रिक्षा करा.

एका रूट कॅनलसाठी मी गॅसच घेईन. दोन-तीन अक्कलदाढा एका बैठकीत काढायच्या असतील तर शिरेतून. गॅसचं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा.