वागळे इस्टेटमधील महापालिका शाळेचा शाळापूर्व तयारी मेळावा: पहिलीतल्या मुलीच्या आईचे परीक्षण

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी आमच्या भागातील महापालिकेच्या मराठी शाळेने एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसरा, असे दोन शाळापूर्व तयारी मेळावे घेतले. माझी मुलगी दोन्ही मेळाव्यांत होती, आणि दोन मेळाव्यांमधल्या उन्हाळी सुट्टीत मुलांकडून घरी कृती करून घेणाऱ्या आमच्या गल्लीतल्या मातागटात मीही होते. खासगी नर्सरी, दप्तरे, स्कूलबस यांच्याविषयी ठाण्यातले पालक एकमेकांना भरभरून सांगतात. महापालिकेच्या शाळेत एक रुपयाही न घेता मिळणाऱ्या या सेवेबद्दल मात्र सहसा कोणी काही लिहीत नाही. ती कशी मिळाली, तिचा उपयोग कुठे झाला आणि ती कुठे कमी पडली, हे पुढच्या वर्षी मूल पहिलीत घालणाऱ्यांना कळावे म्हणून हे लिहिते आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. करोनाच्या काळात अंगणवाड्या आणि बालवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या, आणि ज्यांनी वर्गाची बैठक कधी अनुभवलीच नव्हती अशी मुले थेट पहिलीत येऊ लागली. त्यावर उपाय म्हणून 2022 मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान सुरू झाले. त्याची रचना साधी आहे. शाळेत सात टेबले मांडली जातात. पहिल्यावर नावनोंदणी होते, शेवटच्यावर पालकांशी बोलणे होते, आणि मधल्या पाच टेबलांवर शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी यांच्या छोट्या कृती मूल करून पाहते. प्रत्येक मुलाचे एक विकासपत्र असते. त्यात दोन मेळाव्यांसाठी दोन रकाने असल्यामुळे एप्रिलमध्ये मदतीशिवाय न जमलेली गोष्ट जूनमध्ये जमू लागली का, हे एका नजरेत दिसते.

आमच्या शाळेत ही टेबले तळमजल्यावरच्या व्हरांड्यात लावलेली होती. शारीरिक विकासाच्या टेबलापाशी खडूने आखलेल्या रेषेवरून चालायचे, चेंडू टोपलीत टाकायचा, कागदाला घडी घालायची आणि चित्रात रंग भरायचा, एवढेच होते. पण याच टेबलावर मुलांची भीड सर्वांत लवकर चेपली. रेषेवरून चालताना मुले हसू लागली आणि पुढच्या टेबलापर्यंत स्वतःहून गेली. मुलांना एका टेबलावरून दुसऱ्याकडे नेण्याचे काम वरच्या वर्गातल्या मुलींकडे दिले होते, हा निर्णय मला फार योग्य वाटला. सहा वर्षांच्या मुलाला अनोळखी शिक्षकापेक्षा अनोळखी ताईचा हात धरणे सोपे जाते, आणि जूनमध्ये शाळेत गेल्यावर माझ्या मुलीने ओळखलेला पहिला चेहरा तिला नेणाऱ्या त्या ताईचाच होता.

आमच्या पुढे असलेल्या एका मुलाला बौद्धिक विकासाच्या टेबलावर डाळी आणि बटणे वेगवेगळी करायला सांगितली, तेव्हा तो गप्प उभा राहिला. त्याच्या आईने त्याला खांद्याला धरून हलवले आणि म्हणाली, “घरी तर सगळं येतं याला, इथेच काय झालं?” त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, ही परीक्षा नाही. त्याला आज नाही करायचं तर नाही, आपण तसं लिहू. तुम्ही थोडं मागे उभ्या राहा.” आई मागे गेली आणि काही वेळाने मुलाने बटणे उचलायला सुरुवात केली. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई आहे, आणि या मेळाव्याचा प्रवेशाशी काही संबंध नाही. परंतु टेबलामागे शिक्षक, हातात तक्ता आणि समोर उभे मूल असे दृश्य दिसले की पालकांना ती परीक्षाच वाटते. आमच्या शाळेतल्या बाईंनी हे दडपण दूर ठेवण्यासाठी दिवसभर जे कष्ट घेतले, त्याबद्दल मी त्यांना पूर्ण श्रेय देते. नोंदणीच्या टेबलावरच प्रत्येक पालकाला हे दोन वाक्यांत समजावले असते, तर पुढच्या पाचही टेबलांवर तेच पुन्हा सांगावे लागले नसते.

माझ्या दृष्टीने विकासपत्राचे खरे मोल गणनपूर्व तयारीच्या टेबलावर समजले. माझी मुलगी एक ते वीस अंक न अडखळता म्हणते आणि ते ऐकून घरातले सर्व जण समाधानी होते. तिथे बाईंनी तिला “मला पाच बटणं दे” असे सांगितले. तिने मूठभर बटणे दिली. नंतर बटणांवर बोट ठेवून मोजायला सांगितले, तर बोट एकीकडे आणि तोंडातला अंक दुसरीकडे जाऊ लागला. अंक पाठ असणे आणि एका वस्तूला एक अंक जोडता येणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी आल्याशिवाय बेरीज-वजाबाकी शिकवून उपयोग नसतो, हे बाईंनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितले. बालवाडीच्या वर्षभरात तिच्या वहीतली पाने अंकांनी भरलेली मी पाहिली होती. ही गोष्ट मात्र कोणी दाखवली नव्हती. विकासपत्रात त्या कृतीपुढे ‘मदतीने’ अशी नोंद झाली आणि सुट्टीत नेमके काय करायचे ते ठरले.

या उपक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुट्टीतच असतो. एप्रिलच्या मेळाव्यात जवळ राहणाऱ्या पाच-सहा मातांचा एक गट करतात, त्यातली एक लीडर माता होते, आणि गटाला घरी करायच्या कृतींची आयडिया कार्ड मिळतात. फोनवरही कृती पाठवल्या जातात. या कृतींसाठी काही विकत आणावे लागत नाही. भांडी लहान-मोठी लावणे, भाजी निवडताना दोन ढीग करणे, कपड्यांच्या घड्या घालणे, गोष्ट ऐकून पुढे काय झाले ते सांगणे, अशा घरातल्याच गोष्टी त्यात असतात. राज्यात एकसारखी आखलेली ही रचना ठाण्यात मात्र एका ठिकाणी अडखळते. वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, सावरकरनगर या पट्ट्यातली बरीच कुटुंबे मे महिन्यात गावाला जातात. आमच्या गटातली एक आई जालन्याकडे गेली, एक साताऱ्याकडे, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, तर एक कुटुंब उत्तर प्रदेशात. शेजारी राहणाऱ्या मातांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे या कल्पनेवर उभा असलेला गट मेच्या पहिल्याच आठवड्यात विखुरला.

आमचा गट टिकला तो लीडर मातेमुळे. ती एका लहान कारखान्यात पॅकिंगचे काम करते, तिचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे, आणि गावाला न जाता ती ठाण्यातच होती. रात्री जेवणे उरकल्यावर ती आवाजी संदेशात एक कृती समजावून सांगायची आणि आम्ही आपापल्या ठिकाणाहून मुलांचे उत्तर पाठवायचो. माझ्या मुलीचे मोजणे गावी काजूच्या बियांवर पक्के झाले, आणि ते तिच्या आजीने करून घेतले. रोज संध्याकाळी आजी दहा बिया मागायची आणि मुलगी एक एक बी तिच्या हातावर ठेवायची. जालन्याला गेलेल्या मुलाने आजोबांकडून गोष्टी ऐकल्या आणि त्या आम्हाला पाठवल्या. या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की आमच्यासारख्या भागात आयडिया कार्ड केवळ मातेसाठी न लिहिता आजी-आजोबांसाठीही लिहायला हवे, आणि ते गावाला जाण्यापूर्वी प्रत्येक घराच्या हातात छापील स्वरूपात असायला हवे. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांसोबत कामावर जातो. मोबाइलवर पाठवलेली कृती त्या घरातल्या मुलापर्यंत रात्री उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. आम्हाला मेळाव्यात मिळालेली कार्डे गटाला एक याप्रमाणे होती आणि ती लीडर मातेकडेच राहिली.

मेळाव्याच्या आयोजनातही काही उणिवा होत्या. सर्वांत मोठी उणीव वेळेची. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला मेळावा ठेवला, तेव्हा घोडबंदर रोडवरच्या संकुलांत घरकाम करणाऱ्या आणि कारखान्यांत जाणाऱ्या आयांनी यायचे कसे? मुलांची नावे पटावर होती, पण अनेक मुलांसोबत मोठी बहीण किंवा शेजारीण आली होती, आणि ज्या सातव्या टेबलासाठी आईने तिथे असणे आवश्यक असते तेच टेबल त्या मुलांच्या बाबतीत वाया गेले. शिवाय सुरुवातीची भाषणे लांबली. पाहुण्यांचे स्वागत व्हावे याला माझी हरकत नाही, पण एप्रिलच्या उकाड्यात सहा वर्षांची मुले त्या भाषणांसाठी ताटकळली आणि त्याचा भुर्दंड शेवटच्या टेबलाला पडला. पालकांशी बोलणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येक आईसाठी जेमतेम काही मिनिटे उरली. विकासपत्र वाचायचे कसे, हे मला नीट समजले ते मी थांबून पुन्हा विचारले म्हणून.

भाषेचा प्रश्नही आहे. शाळा मराठी माध्यमाची असली तरी हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले आमच्या वर्गात आहेत, आणि त्यांच्या पालकांनी विश्वासाने मराठी शाळा निवडली आहे. शिक्षिका त्यांच्याशी हिंदीतून बोलल्या, ही चांगली गोष्ट झाली, परंतु कार्डांवरचा मजकूर केवळ मराठीत होता. ज्या आईला मराठी बोललेले समजते पण वाचता येत नाही, तिच्यासाठी कार्डांवर चित्रे अधिक आणि शब्द कमी असावेत.

जूनमधल्या पहिल्या दिवसाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रवेशोत्सव झाला, मुलांना ओवाळले, फूल दिले, समग्र शिक्षा योजनेतली पाठ्यपुस्तके पहिल्याच दिवशी हातात मिळाली आणि ती पावसात भिजू नयेत म्हणून बाईंनी प्लास्टिकच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते मला अधिक मोलाचे वाटते. पहिलीच्या वर्गाची सुरुवात ‘विद्याप्रवेश’ या तीन महिन्यांच्या खेळाधारित तयारीने होते, आणि आमच्या वर्गशिक्षिकेने त्यासाठी दोन्ही मेळाव्यांची विकासपत्रे समोर ठेवून मुलांचे गट केले. कात्री धरता न येणाऱ्या मुलांना मातीकाम आणि कागद फाडून चिकटवण्याचे काम अधिक दिले, जी मुले चार लोकांत बोलत नव्हती त्यांना आधी दोघादोघांत बोलायला लावले. माझ्या मुलीच्या दुसऱ्या रकान्यात मोजण्यापुढे ‘स्वतः’ अशी नोंद झाली, पण चित्राचे वर्णन करताना ती अजून एकेका शब्दावर थांबते, हेही त्याच पत्रामुळे कळले आणि बाईंनी तिला रोजच्या गोष्टीच्या वेळी पुढे बसवायला सुरुवात केली. कागद भरून कपाटात ठेवण्याची सवय अनेक कार्यालयांत असते. इथे तो कागद वर्गात वापरला गेला, आणि या परीक्षणातली माझी सर्वांत मोठी प्रशंसा त्याच गोष्टीसाठी आहे. फक्त पालकांना विकासपत्राची प्रत मिळाली नाही. मी फोनवर छायाचित्र काढून घेतले. तशी सूचना सर्वांनाच केली असती तर अधिक बरे झाले असते.

वेळेचा मुद्दा मी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालक सदस्य ताईंकडे मांडला आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे मेळावा शनिवारी दुपारनंतर घ्यावा ही मागणी तिथे मांडणे अवघड नाही. ज्यांचे मूल पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे त्यांनी मार्चअखेरीस जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत मेळाव्याची तारीख विचारून ठेवावी; अंगणवाडी सेविकांकडे पात्र मुलांची यादी असते आणि त्या स्वतः घरी येऊन निरोप देतात. आमच्या गल्लीतली दोन कुटुंबे मुलाचा जन्मदाखला गावाकडे अडकल्यामुळे एप्रिलमध्ये मेळाव्याला आलीच नाहीत. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, अशी तरतूद त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे, आणि आमच्या शाळेत नोंदणीच्या टेबलावर कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांची नावे लिहून घेऊन त्यांना पुढच्या टेबलाकडे पाठवले जात होते. तेव्हा दाखला हाती नसला तरी मुलाला घेऊन यावे. तो नंतर आणून देता येतो.