एनएचएसचा जीपी मोजायचा महिन्याचा तक्ता: साडेतीन स्टार

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी टाकतं की जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, वाढले, लगेच दुसरा टाकतो जीपी घटले, आणि सकाळी आठला अपॉइंटमेंटसाठी फोन लावून "तुम्ही रांगेत तेविसावे आहात" ऐकलेला तिसरा दोघांनाही झापतो. गंमत म्हणजे पहिले दोघं एकाच तक्त्यातून बोलत असतात. एनएचएस इंग्लंड, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, दर महिन्याला जनरल प्रॅक्टिस वर्कफोर्स नावाने हे आकडे काढतं, फुकट आहेत, कोणीही डाउनलोड करावं. मी एका सर्जरीच्या (जीपींच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) ऑफिसात काम करते, आमच्याकडची माहिती पोर्टलवर मीच भरते, तेव्हा रिव्ह्यू लिहायला हरकत नाही म्हटलं.

चांगलं आधी. सप्टेंबर २०१५ पासूनचे आकडे आहेत, आणि सर्जरीवार फाइल उघडलीत तर तुमच्याच सर्जरीत पार्टनर (सर्जरीचे भागीदार-मालक डॉक्टर) किती, पगारी डॉक्टर किती, नर्स किती, पेशंट किती सगळं दिसतं. आपल्याकडे नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरचा असा हिशोब कोण ठेवतंय! फाइल जड आहे, जुन्या लॅपटॉपवर एक्सेल गुरगुरतं, पण चालतं.

आता खरी मेख. इथे एक पूर्णवेळ डॉक्टर म्हणजे आठवड्याला ३७.५ तास, आणि तास धरायचे ते कॉन्ट्रॅक्टमधले. डॉक्टरांचं कॉन्ट्रॅक्ट सेशनमधे असतं, एक सेशन ४ तास १० मिनिटांचं, म्हणजे नऊ सेशन झाले की एक पूर्ण डॉक्टर. आमच्या एक डॉक्टरीणबाई सहा सेशनवाल्या. त्या साडेसातला येतात, संध्याकाळी मी कोट चढवून निघते तेव्हा ब्लड रिझल्ट बघत बसलेल्या असतात, दुपारचं सँडविच अर्धं तसंच कीबोर्डशेजारी. पोर्टलमधे मी टाकते २५ तास. तक्त्यात त्या ०.६७.

तसंच आमच्या आठ सेशनवाल्या एका सिनियर पार्टनरांचं. त्यांनी रिटायरमेंट घेतली, पेन्शन चालू केली आणि महिन्याभरात चार सेशनचे पगारी डॉक्टर म्हणून परत आले, तीच खोली, तोच मग. पेशंटना पत्ताही नाही. तक्त्यात मात्र एक पार्टनर गेला, एक पगारी आला आणि ०.८९ चे ०.४४ झाले. आता हेच देशभर धरा. २०१५ ते २०२३ मधे पूर्ण क्वालिफाइड जीपींची डोकी वाढली, पण पूर्णवेळाच्या हिशोबात ते साधारण २९ हजारांवरून साडेसत्तावीस हजारांवर आले. म्हणजे ग्रुपवरचे दोघंही बरोबर, फक्त एक डोकी वाचतोय आणि दुसरा तास. त्यात ट्रेनी, म्हणजे अजून जीपीचं शिक्षण चालू असलेले डॉक्टर, धरले की आकडा आणखी वर जातो. २०१९ च्या निवडणुकीतलं ६,००० जादा डॉक्टरांचं आश्वासन ट्रेनी धरूनच होतं, आणि तरी २०२१ मधे खुद्द आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं की ते पुरं होण्याच्या वाटेवर नाही.

सगळ्यात वैताग नेटवर्कचा. २०१९ च्या कॉन्ट्रॅक्टने सर्जरींची नेटवर्क्स केली आणि फार्मासिस्ट, फिजिओ वगैरे लोक घ्यायला सरकारने त्यांना पैसे दिले, जीपी मात्र त्या यादीत नव्हते. मग कुठली सर्जरी स्वतःच्या खिशातून डॉक्टर घेईल, जेव्हा फार्मासिस्टचा पगार वरून येतोय? २०२४ पर्यंत अशी अवस्था की पेशंटला अपॉइंटमेंट नाही आणि नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरांना नोकरी नाही. शेवटी ऑक्टोबर २०२४ पासून नवे जीपी त्या योजनेत घातले, ८२ मिलियन पाउंड दिले, आणि पुढच्या वसंतात सरकारने १,५०३ जीपी घेतल्याचं जाहीर केलं. पण हे डॉक्टर नेटवर्कच्या खात्यावर, त्यांचा तक्ता वेगळा! आमच्याकडे असाच एक मुलगा मंगळवार-बुधवार तीन नंबरच्या खोलीत बसतो, दारावर नावाचा ए-फोर कागद सेलोटेपने लावलाय. एका आजींनी विचारलं, "नवीन डॉक्टर आलेत ना?" म्हटलं हो आजी, आलेत. त्या महिन्यात आमच्या सर्जरीचा जीपींचा आकडा होता तेवढाच राहिला.

तर तक्ता खोटं बोलत नाही, खाली टिपांमधे बऱ्याच गोष्टी सरळ लिहिलेल्या असतात, वाचतं कोण हा भाग वेगळा. एक स्टार कापला कारण नेटवर्कचे डॉक्टर शोधायला दुसरी फाइल उघडावी लागते, अर्धा कापला त्या सँडविचसाठी. डाउनलोड केलात तर एवढंच करा, आधी "पूर्ण क्वालिफाइड" आणि "पूर्णवेळ" असे दोन्ही शब्द असलेली ओळ शोधा, मग ग्रुपवर भांडा. मी चालले, उद्या महिनाअखेर, पोर्टल भरायचंय.